अक्षरांतलें आकाश

शास्त्रकारांनीं सांगितलेल्या लौकिक न्यायांत अरुंधतीदर्शनन्याय म्हणून एक न्याय आहे. विवाहविधींत वधूला अरुंधतीचा तारा दाखवावयाचा असतो. परंतु तो पडला मंद आणि वसिष्ठाला अगदीं लागून असलेला. तेव्हां दाखविणारा प्रथम जवळचा ठळक तारा दाखवून ‘हीच अरुंधती’ असें म्हणतो, आणि दृष्टि तेथें स्थिर झाली म्हणजे तिला तेथून काढून पलीकडच्या सूक्ष्म ताऱ्यावर नेतो. पहिला तारा खोटा असतो, पण त्याच्यावांचून खरा सांपडत नाहीं. आकाशाविषयींच्या प्रत्येक चित्राला, नकाशाला व पुस्तकाला हाच न्याय लावून पाहावा असें आमचें मत आहे. तें किती हुबेहूब साधलें हा प्रश्न दुय्यम होय. तें पाहणाऱ्याची दृष्टि स्वतःपाशींच अडवून ठेवतें, कीं तिला पुढें सोडतें, हा प्रश्न मुख्य.

हा न्याय मनांत धरून येथें एका चमत्कारिक कृतीचा विचार करावयाचा आहे. ती ग्रंथ नव्हे आणि चित्रहि नव्हे. ती संगणकाची एक आज्ञावली असून तिचें नांव ‘ॲस्ट्रोटर्म’ असें आहे. ‘सी’ या संगणकभाषेंत लिहिलेली ही लहानशी आज्ञावली स्रोतासह सर्वांस खुली आहे. संगणकावरील जी काळी खिडकी टर्मिनल या नांवानें ओळखली जाते, आणि जींत चित्रें व बटनें यांचा कारभार नसून केवळ टाइप केलेल्या आज्ञा चालतात, त्या खिडकींत ही चालते. आपण स्थळाचे अक्षांश व रेखांश आणि पाहिजे असल्यास दिवस व वेळ एका ओळींत लिहावयाचीं. लागलीच क्षितिजाचें वर्तुळ पडद्यावर उभें राहतें आणि त्यांत तारे, ग्रह व चंद्र आपापल्या जागीं उमटतात. उमटतात ते अक्षरांच्या व चिन्हांच्या रूपानें. ठळक ताऱ्यास मोठें चिन्ह, मंदास ठिपका. ताराकृतींच्या रेषाहि चिन्हांनींच सांधलेल्या. अमरावतीकरितां २०.९३ व ७७.७५ हे आंकडे द्यावे, अकोल्याकरितां २०.७ व ७७. वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळेनें, म्हणजे आपल्या घड्याळांतून साडेपांच तास वजा करून, द्यावी लागते. ताऱ्यांचीं स्थानें येल विद्यापीठाच्या ठळक ताऱ्यांच्या यादींतून घेतलीं आहेत. त्या यादींत ९११० नोंदी असून नुसत्या डोळ्यांना दिसणारा बहुतेक प्रत्येक तारा तींत सांपडतो.

वाङ्मयाच्या मासिकांत अशा कृतीचें परीक्षण कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हें आकाश अक्षरांनीं लिहिलेलें आहे. आणि लिहिणें आलें कीं निवड आली, गाळणें आलें, नांव देणें आलें. काय घेतलें, काय सोडलें आणि ज्याला घेतलें त्याला कोणत्या नांवानें हांक मारली, हे प्रश्न टीकाकाराच्या नित्याच्या ओळखीचे आहेत.

प्रथम सोडलें काय तें पाहूं. टर्मिनलची जुनी प्रमाण खिडकी चोवीस ओळींची व ऐंशी घरांची असते. उत्तर क्षितिजापासून दक्षिण क्षितिजापर्यंतचे एकशें ऐंशी अंश तेवढ्यांत बसवावयाचे म्हणजे एका ओळीच्या वांट्यास सरासरीनें साडेसात अंश येतात. चंद्राचें बिंब अर्ध्या अंशाचें. अशीं पंधरा बिंबें एकावर एक ठेवलीं तरी तीं एका ओळींत मावतील. मृगाच्या पोटांत रुतलेल्या बाणाचे तीन तारे या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन अंशांहूनहि कमी जागा व्यापतात. ते येथें एकमेकांवर चढून एकदोन चिन्हांत विरून जातात. कृत्तिकांच्या पुंजक्याची तीच गति. वसिष्ठ व अरुंधती यांच्यांतील अंतर तर सुमारें बारा कला, म्हणजे अंशाचा पांचवा हिस्सा. खिडकी वाढवून साठ ओळींची केली तरी ओळीमागें तीन अंश राहणारच. सारांश, या आकाशांत वसिष्ठापासून वेगळी अरुंधती कधींच दिसावयाची नाहीं.

हा दोष आहे खरा. पण आमच्या मतें या कृतीचा सर्वांत मोठा गुणहि यांतच आहे. हल्लीं भ्रमणध्वनीवर आकाश दाखविणाऱ्या सचित्र आज्ञावल्या पुष्कळ निघाल्या आहेत. त्या दुधाळ आकाशगंगा, रंगीत तेजोमेघ आणि मागें धूसर मृगाची आकृति असा थाट उभा करतात. माणूस तें यंत्र आकाशाकडे धरतो आणि पाहतो मात्र यंत्राकडे. पडद्यावरचें आकाश गच्चीवरच्या आकाशाहून संपन्न दिसूं लागलें म्हणजे मान वर करण्याचें कारण उरत नाहीं. टर्मिनलांतील ठिपक्यांना हा मोह घालतां येत नाहीं. पूर्वेस अमुक उंचीवर एक मोठें चिन्ह आहे आणि त्याच्या डावीकडे दोन लहान, एवढेंच तें सांगतें. त्यावर कोणाचें मन भरणार नाहीं, आणि मन न भरल्यामुळेंच पाहणारा उठून बाहेर जाईल. न्यायांतला स्थूल तारा जें काम करतो तेंच हें अक्षर करतें.

दुसरा गुण असा कीं, हें आकाश खरोखर या भूमीचें आहे. इंग्रजी पुस्तकांवरून बेतलेल्या पाठांत सप्तर्षि कधीं मावळत नाहींत असें वाचावयास मिळतें. लंडनच्या अक्षांशावर तें खरें आहे. अमरावतीस ध्रुव क्षितिजापासून सुमारें एकवीस अंशच वर असतो, आणि त्याच्यापासून तेवढ्याच अंतरांतले तारे काय ते बारमाही वर राहतात. सप्तर्षि येथें उगवतात आणि मावळतात. उलट लंडनला जो कधींच दिसत नाहीं तो अगस्त्य येथें दक्षिणेस सोळा अंशांपर्यंत चढतो. स्वाती तर अमरावतीच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. अमरावतीच्या मध्याह्नवृत्तावर आलेला तारा अकोल्याच्या मध्याह्नवृत्तावर यावयास सुमारें तीन मिनिटें लागतात; दोन्ही गांवांचें घड्याळ एक, पण आकाश तीन मिनिटांनीं निराळें. दोन आंकडे बदलतांच हा फरक आज्ञावली बिनचूक दाखविते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं पंचांगशोधनाच्या वादांत व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक प्रभृतींनीं ज्या दृक्प्रत्ययाचा, म्हणजे गणितानें आलेलें स्थान डोळ्यांना दिसणाऱ्या स्थानाशीं जुळलें पाहिजे या कसोटीचा, आग्रह धरला होता, त्या कसोटीला नुसत्या डोळ्यांनीं पाहणाऱ्याच्या मानानें हें आकाश उतरतें.

तिसरा गुण बारीक आहे, परंतु वऱ्हाडांतल्या वाचकास तो अधिक जाणवेल. किती प्रतीपर्यंतचे तारे काढावयाचे हें आज्ञेंतच एका आंकड्यानें सांगतां येतें. तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे सगळ्या खगोलावर मिळून दोनशेंच्या आंतच आहेत; सहाव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे निर्मळ काळोखांत नुसत्या डोळ्यांना दिसणारे, सुमारें पांच हजार; आणि कोणत्याहि वेळीं त्यांतले निम्मे क्षितिजाच्या वर. अमरावतीच्या राजकमल चौकांतून किंवा अकोल्याच्या स्टेशनाजवळून दिव्यांच्या उजेडांत वर पाहिलें तर आकाश तिसऱ्या प्रतीच्या आसपासच संपतें. चिखलदऱ्याच्या पठारावर, सुमारें अकराशें मीटर उंचीवर, तेंच आकाश पांचव्या-सहाव्या प्रतीपर्यंत खोल होतें. आज्ञेंत प्रथम तीन लिहावे व मग सहा लिहावे. पडद्यावर जो फरक पडतो तो आपल्या दिव्यांनीं आपणांपासून किती आकाश हिरावून घेतलें याचा हिशेब होय. पेंचच्या जंगलाला २०२४ सालीं भारतांतील पहिलें काळोखी आकाशाचें उद्यान म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे काळोखहि आतां राखून ठेवण्याची वस्तु झाली आहे. हा हिशेब कोणतेंहि सुंदर चित्र इतक्या रोखठोकपणें मांडीत नाहीं.

एका बाबतींत तर ही आज्ञावली आकाशाच्याहि पुढें जाते. वऱ्हाडांतील कापसाचा पेरा मृगाकडे डोळे लावून असतो. परंतु मृग लागला म्हणजे काय, तर सूर्य मृग नक्षत्रांत गेला. आणि सूर्य जेथें आहे तें नक्षत्र त्या दिवसांत दिसणें शक्यच नाहीं. ज्या नक्षत्राचें नांव शेतकऱ्याच्या तोंडीं सर्वांत अधिक, तें त्या नांवाच्या दिवसांतच अदृश्य असतें. आज्ञावलींत ८ जूनची दुपार लिहून पाहावी. सूर्य जवळजवळ डोक्यावर, त्याच्या दक्षिणेस मृग आणि किंचित् पश्चिमेस कलून रोहिणी, अशी मांडणी भर दुपारीं उमटते, कारण या आकाशांत सूर्याचा उजेड ताऱ्यांना पुसून टाकीत नाहीं. रोहिणी गेली आणि मृग लागला हें बोलणें मग कालदर्शिकेंतल्या खुणेपुरतें राहत नाहीं; सूर्य एका घरांतून दुसऱ्या घरांत जातांना दिसतो. नक्षत्रांचा उच्चार रोज ऐकणाऱ्या, पण त्यांचा सूर्याशीं संबंध कधीं न पाहिलेल्या माणसास हें एकच दर्शन पुष्कळ शिकवील.

इतकें सांगून झाल्यावर दोषांकडे वळणें प्राप्त आहे. पहिला दोष गणिताच्या स्वभावांतच आहे: या आकाशांत अकल्पित असें कांहीं घडत नाहीं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळीं विदर्भाच्या आकाशांतून जळते गोळे ओळीनें सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत धातूचें मोठें कडें येऊन पडलें. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा असें जाणत्यांनीं सांगितलें. त्या संध्याकाळचें आकाश आज आज्ञावलींत काढलें तर तें शांतच दिसेल. उल्का नाहीं, ढग नाहीं, आषाढांतलें झांकोळ नाहीं. परंतु हा दोष आम्ही मोठा मानीत नाहीं. नित्य काय आहे हें ज्याला ठाऊक, त्यालाच नैमित्तिक ओळखतां येतें.

मोठा दोष नांवांचा आहे. या आकाशांत रोहिणी नाहीं, ‘अल्देबरान’ आहे. व्याध नाहीं, ‘सिरिअस’ आहे. अभिजित् नाहीं, ‘व्हेगा’ आहे. रेषांनीं सांधलेल्या आकृतीहि पाश्चात्य परंपरेच्या. सत्तावीस नक्षत्रांची गणना, जी चंद्राच्या रोजच्या मुक्कामावरून बसविलेली आहे, तिचा या चित्रांत मागमूस नाहीं. कोणी म्हणेल, तारा तोच, मग नांवाचा आग्रह कशाला? आमचें म्हणणें असें कीं, नांव हें निरीक्षणाचें सार असतें. अल्देबरान हा शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ मागून येणारा असा आहे. कारण तो तारा कृत्तिकांच्या मागून उगवतो. कोणा अरबानें वाळवंटांत रात्रीमागून रात्र पाहून तें नांव ठेविलें. रोहिणी या आपल्या नांवांत त्याच ताऱ्याचा तांबूस वर्ण धरून ठेविला आहे. एकानें क्रम पाहिला, दुसऱ्यानें रंग पाहिला. दोन्ही नांवें खरीं आहेत. पण मराठी मुलाला अल्देबरानमध्यें ना क्रम ऐकूं येतो ना रंग. त्याच्या हातीं उरतो तो एक अवघड उच्चार, आणि अवघड उच्चार गच्चीपर्यंत टिकत नाहीं. पडदा सोडून बाहेर जातांना सोबत नेतां येण्यासारखी वस्तु एकच, ती म्हणजे नांव. आणि तेंच जर परकें असेल तर न्यायांतला स्थूल तारा दाखविला जातो आणि दृष्टि पुढें सरकत नाहीं.

येथें आपल्या घरचें उदाहरण आठवणें इष्ट होईल. अक्षरांतलें आकाश मराठी घराला नवें नाहीं. आपलें पंचांग दुसरें काय आहे? त्यांतहि चित्र नाहीं. तिथि, वार, नक्षत्र, योग व करण यांचे आंकडे आणि अक्षरें यांच्यांत सगळें आकाश कोंबलेलें असतें. परंतु त्याचें झालें काय? ‘आज रोहिणी’ असें वाचून मुहूर्त काढणाऱ्या घरांत रोहिणी कोणती हें बोटानें दाखविणारें माणूस क्वचित् सांपडतें. पंचांगानें नांव राखलें आणि दर्शन घालविलें. शंकर बाळकृष्ण दीक्षितांना हें अंतर चांगलेंच जाणवलें असलें पाहिजे. ज्यांनीं ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास’ हा प्रचंड ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध केला, त्यांनींच सामान्य वाचकाकरितां ‘ज्योतिर्विलास’ लिहून त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें दुसरें नांव दिलें. त्या नांवांतच ग्रंथकाराचा हेतु आहे: वाचकाला दिव्याखालून उठवून दोन घटका बाहेर बसविणें. पंचांगाजवळ नांव आहे, दर्शन नाहीं. ॲस्ट्रोटर्मजवळ स्थान आहे, आपलें नांव नाहीं. दोहोंची फाळणी अशी झालेली असतां, दोन्ही अंगें एकत्र नांदत होतीं असें ठिकाण कोठें आहे काय, हा प्रश्न येतो.

तें ठिकाण वऱ्हाडाच्याच उत्तरेस आहे. मेळघाटांत, धारणी व चिखलदरा या तालुक्यांत, कोरकू लोकांची वस्ती आहे. त्यांची भाषा मुंडा कुळांतली, मराठीहून सर्वस्वी निराळी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनीं सहकाऱ्यांसह गांवोगांव जाऊन विदर्भांतल्या आदिवासींचें आकाश लिहून घेतलें. गोंडांच्या ज्योतिर्ज्ञानावरील त्यांचा निबंध २०१३ सालीं आणि कोरकूंवरील २०१६ सालीं ज्योतिषाच्या इतिहासाला वाहिलेल्या एका इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. गोंडांच्या आकाशांत सप्तर्षींचा चौकोन ही खाट आहे आणि शेपटाचे तीन तारे ती पळवूं पाहणारे चोर आहेत. आपल्या खेड्यांतलीं जुनीं माणसेंहि सप्तर्षींना बाज म्हणत आलीं आहेत. येथें नांव आणि दर्शन हीं वेगळीं पडलेलींच नाहींत. ज्याला नांव ठाऊक त्याला तारा ठाऊक, कारण नांव शिकलें तेंच मुळीं ताऱ्याखालीं बसून.

आणि मौज अशी कीं, ही बाज टर्मिनलच्या जाडसर पडद्यावर चांगली उमटते. सप्तर्षींचा विस्तार सुमारें पंचवीस अंशांचा. खिडकी जरा मोठी घेतली तर चार पाय आणि तीन चोर स्पष्ट ओळखतां येतात. अरुंधती या चित्रांत मावली नाहीं, पण म्हातारीची खाट मावली. लोकांनीं दिलेलीं नांवें बहुधा अशाच ठळक आकृतींना असतात; ज्या माणसाजवळ दुर्बीण नव्हती त्यानें जोडलेलें आकाश आणि ज्या यंत्राजवळ चित्र नाहीं त्यानें काढलेलें आकाश हीं एकाच मापाचीं निघतात. म्हणूनच परक्या नांवांची ही उणीव आम्हांस अधिक खटकते. जें येथें सर्वांत सहज बसलें असतें तेंच येथें नाहीं.

तें बसविण्यांत अडचण नाहीं असें नव्हे. टर्मिनल हें चौकटींचें यंत्र आहे. एक अक्षर एक घर असा त्याचा नियम. रोमन अक्षर त्या घरांत निमूटपणें बसतें. देवनागरीचें तसें नाहीं. मात्रा वर चढते, उकार खालीं लोंबतो, जोडाक्षर दोघांची जागा एकांत उरकतें. मग पुष्कळ टर्मिनलांत स्वातीचा ‘स्व’ तुटतो आणि मृगाचा ऋकार भलत्याच घरांत जाऊन पडतो. तेव्हां दोष सगळा आज्ञावलीच्या कर्त्याचा नाहीं. त्यानें आपल्या हातचीं नांवें व आपल्या हातचें यंत्र घेऊन काम केलें. परंतु ही कृति खुली आहे, आणि खुल्या कृतीची उणीव ही तिच्या वाचकाचीहि उणीव ठरते. छापलेल्या ग्रंथांतील चूक समासांत लिहावी लागते. येथें मूळ संहितेंतच ती दुरुस्त करण्याची मुभा आहे. स्टेलेरियम या सचित्र आज्ञावलींत निरनिराळ्या लोकांचीं आकाशें निवडण्याची सोय असून त्यांत भारतीय परंपरेचेंहि एक आकाश आहे. म्हणजे वाट मळलेली आहे.

करावयाचें काम थोडें आहे. नांवांची एक यादी: एका बाजूस ताऱ्याचा क्रमांक, दुसऱ्या बाजूस रोहिणी, चित्रा, मघा, आणि तिसऱ्या बाजूस मेळघाटांत व गांवखेड्यांत चालणारीं नांवें, तीं ज्यांच्या तोंडीं आहेत त्यांस विचारून लिहिलेलीं. ही तिसरी बाजू उद्यां भरूं म्हणून चालणार नाहीं. यादींतले तारे आणखी हजार वर्षांनीं विचारले तरी तेथेंच असतील. नांव सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. अमरावतीस विद्यापीठ आहे, अकोल्यास महाविद्यालयें आहेत, आणि दोन्हीकडे संगणक शिकणारीं मुलें आहेत, ज्यांतल्या पुष्कळांच्या आज्या अजून गांवीं अंगणांत निजतात. मुलाला आज्ञा लिहितां येते, आजीला बाज ओळखतां येते. या दोघांना एका रात्रीं एका अंगणांत बसविणें एवढें जरी या आज्ञावलीच्या निमित्तानें घडलें, तरी ती तयार करणाऱ्यास न ठरवितां मोठें श्रेय मिळेल. तोंपर्यंत आमचा अभिप्राय असा कीं, ॲस्ट्रोटर्म ही प्रामाणिक, अचूक व मितभाषी कृति आहे. ती वापरावी, पंचांग शेजारीं ठेवून वापरावी, आणि पडद्यावर पाहिलेला तारा बाहेर जाऊन ओळखीपर्यंत त्याचें मराठी नांव मोठ्यानें घेत राहावें.